उजव्या शंखाचे गौडबंगाल

रविवारची सामुदायिक वंदना आटोपून मंडळी पांगत होती. आमच्या वस्तीतल्या एक मावशी मात्र सतरंजीवरून उठेनात. इस्पितळात आयाचे काम करून त्यांनी दोन मुले शिकविली. थोरल्याची कंत्राटी नोकरी सुटून सहा महिने झाले होते. विहार रिकामे झाल्यावर त्यांनी पिशवीतून लाल फडक्यात बांधलेली एक वस्तू काढली आणि हळूच म्हणाल्या, "सर, तुम्ही शाळेत विज्ञान शिकवीत होता ना? मग एवढं बघून सांगा. हा खरा आहे का खोटा?"

फडक्यात शंख होता. पांढरट, लांबोडका, वीतभर लांबीचा, अंगावर फिकट तपकिरी रेघा. सोबत गुळगुळीत कागदावर छापलेले एक 'प्रमाणपत्र'. हा अस्सल दक्षिणावर्ती शंख आहे, लाखात एखादाच सापडतो, ज्या घरात हा असेल त्या घरातून दारिद्र्य निघून जाते, रोजगाराचे अडलेले मार्ग मोकळे होतात, असे त्यावर लिहिले होते. खाली गोल शिक्का. मोबाइलवरची जाहिरात पाहून मावशींनी भिशीचे साडेचार हजार रुपये त्यात घातले होते.

मी तोंड उघडण्याआधीच त्या म्हणाल्या, "देवदेव नाही हो करत मी. बाबासाहेबांच्या हातून दीक्षा घेतलेल्या माणसाची लेक आहे. पण तो विकणारा म्हणाला, हा देवळातला नाही, तुमच्याच बौद्ध धर्मातला आहे. तिबेटात अष्टमंगलात असतो."

हे वाक्य मनाला लागले. विकणाऱ्याने गिऱ्हाईक बरोबर ओळखले होते. आपल्या घरात लक्ष्मीचे नाव चालणार नाही हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने तीच वस्तू बुद्धाच्या नावावर खपविली. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या माउलीलाही अडचणीच्या दिवसांत असे कोंडीत पकडता येते. तेव्हा नुसते 'ही अंधश्रद्धा आहे' असे म्हणून हात झटकणे मला बरे वाटले नाही. शंख म्हणजे काय, तो कोणाचा, कोठे राहतो आणि हे डावे-उजवे काय प्रकरण आहे, ते नीट समजून घ्यावे म्हणून हा लेख लिहिला आहे. घरात शाळकरी मुले असतील तर त्यांच्याकडून तो मोठ्याने वाचून घ्यावा.

घर आणि घरमालक

शंख ही वस्तू नव्हे, ते एका प्राण्याचे घर आहे. पावसाळ्यात भिंतीवर चढणारी गोगलगाय आपण पाहतो, तिचीच ही समुद्रातली चुलत बहीण. शास्त्रज्ञ तिला 'टर्बिनेला पायरम' म्हणतात. स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ लिनियस याने १७६७ साली तिची शास्त्रीय नोंद केली. 'पायरम' म्हणजे पेअर नावाचे फळ. शंखाचा आकार एका बाजूला फुगीर आणि दुसऱ्या बाजूला निमुळता, त्या फळासारखा, म्हणून हे नाव.

समुद्रातून काढलेला शंख देवळात दिसतो तसा पांढराशुभ्र नसतो. त्यावर तपकिरी रंगाची, मखमलीसारखी लवदार साल असते. ती खरवडून, घासून काढली की आतले चिनीमातीसारखे पांढरे कवच दिसू लागते. हे कवच चांगलेच जाड आणि जड असते. सर्वसाधारण शंख वीतभराच्या आतबाहेर असतो, क्वचित त्याहून मोठा सापडतो. तोंडाच्या आतल्या बाजूला किंचित गुलाबी-नारिंगी झाक असते. तोंडातून आत बोट घातले तर मधल्या दांड्यावर तीन-चार उभारलेले कंगोरे हाताला लागतात. हे कंगोरे लक्षात ठेवा, पुढे त्यांचेच काम आहे. तोंडाच्या दुसऱ्या टोकाला एक पन्हळ असते. प्राणी जिवंत असताना त्या पन्हळीतून एक मऊ नळी बाहेर काढतो, पाणी आत ओढतो आणि पाण्याच्या वासावरून भक्ष्य कोठे आहे ते हुडकतो.

होय, भक्ष्य! हा प्राणी शिकारी आहे. वाळूत बिळे करून, नळ्या बांधून राहणारे समुद्री किडे हे त्याचे अन्न. रेताड तळावरून तो संथ सरकतो, वास लागला की लांब सोंड वाळूत खुपसतो आणि किडा ओढून घेतो. सोंडेच्या टोकाशी कानशीसारखी खरखरीत जीभ असते. ज्या घरांत अंडे शिजवले तर भांडी वेगळी ठेवतात, त्या घरांच्या देव्हाऱ्यात या पक्क्या मांसाहारी प्राण्याचे घर मानाने बसलेले असते. असो. संकट आले की तो अंग आत ओढून घेतो आणि नखासारख्या कठीण झाकणाने दार लावून घेतो. हे झाकणसुद्धा माणूस सोडत नाही, सुगंधी धूप बनविताना ते वापरतात.

कवच कशाचे असते? कॅल्शियम कार्बोनेटचे. फळ्यावर लिहायचा जुना खडू, चुनखडीचा दगड, कोंबडीच्या अंड्याचे टरफल, सगळ्यांत मुख्यतः हेच द्रव्य. शंखाचा प्राणी ते समुद्राच्या पाण्यातून घेतो आणि अंगावरच्या पातळ त्वचेतून स्रवून तोंडाच्या कडेला नवा थर चढवीत जातो. घर वाढते ते फक्त दाराच्या चौकटीशी. शेंड्याकडची छोटी वळणे म्हणजे त्याच्या बाळपणाची खोली, ती कायम तशीच राहते. आपल्याकडे झोपडीला पुढून एकेक पत्रा जोडत जातात, तसाच प्रकार म्हणा.

पोहता न येणारी पिल्ले

आता हा प्राणी राहतो कोठे? त्याचे घर हिंदी महासागराच्या आपल्या बाजूला आहे. तमिळनाडूच्या किनाऱ्याला मन्नारचे आखात आणि पाल्कची सामुद्रधुनी, समोर श्रीलंका, खाली केरळचा दक्षिण किनारा, पूर्वेला अंदमान आणि वर पश्चिमेला गुजरातेत कच्छचे आखात व द्वारकेचा परिसर. द्वारकेजवळच्या बेट द्वारकेचे एक जुने नावच शंखोद्धार आहे. कोकणच्या बाजारात दिसणारे पूजेचे शंख बहुधा दक्षिणेकडून आलेले असतात.

एवढ्याच पट्ट्यात का? समुद्र तर सगळा एकच आहे, मग तो आफ्रिकेला, जपानला, अमेरिकेला का पोहोचला नाही? याचे उत्तर त्याच्या बाळंतपणात आहे. पुष्कळ समुद्री प्राण्यांची पिल्ले जन्मतः सूक्ष्म असतात आणि प्रवाहाबरोबर शेकडो कोस वाहत जातात. शंखाचे तसे नाही. मादी वाळूत एक टोक रोवून मेंढ्याच्या शिंगासारखी पीळदार, फूटभरापर्यंत लांबीची एक कोठी तयार करते. तिच्यात एकावर एक वीस-तीस कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात अंडी पुष्कळ, पण बाहेर पडणारी पिल्ले थोडी, कारण जोरकस पिल्ले आतच दुबळ्यांना खाऊन वाढतात. बाहेर येते तेव्हा पिल्लाच्या पाठीवर छोटासा तयार शंख असतो आणि ते लगेच वाळूवर सरपटू लागते. त्याला पोहता येत नाही. जेथे जन्मले त्याच्या आसपासच त्याचे आयुष्य जाते. म्हणून हा शंख आपल्याच समुद्रांचा राहिला. या गोष्टीचा मावशींच्या शंखाशी फार जवळचा संबंध आहे, तो पुढे येईलच.

माणसाने मात्र त्याला फार लांबवर नेले. द्वारकेजवळ नागेश्वर येथे सिंधू संस्कृतीच्या काळातली, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची एक वस्ती खणून काढली गेली. तेथे याच शंखाच्या बांगड्या कापण्याचा मोठा उद्योग होता. आपल्या नेवाशाच्या उत्खननातही सातवाहनकाळच्या थरांत शंखाच्या बांगड्या सापडल्या आहेत. बंगालमध्ये विवाहित हिंदू स्त्रिया आजही शंखाच्या पांढऱ्या बांगड्या घालतात. त्या कापणारी शांखारी ही जातच आहे, ढाक्यातला शांखारी बाजार त्यांच्याच नावाचा. अर्धचंद्राच्या आकाराची जड करवत दोन्ही हातांनी ओढून शंखाचे काप काढायचे, पांढरी धूळ नाकातोंडात जायची, हे काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे राहिले.

समुद्राच्या तळाशी कोण उतरते?

करवतीखाली येण्याआधी शंख समुद्राच्या तळातून वर काढावा लागतो. ते काम कोणी केले?

तमिळनाडूतील तूतुकुडीच्या किनाऱ्यावर परवर नावाचा कोळी समाज आहे. मोती आणि शंख काढणे हा त्यांचा पूर्वापार धंदा. दम कोंडून, दोरीला बांधलेल्या दगडाच्या वजनाने तळाशी जायचे, मिळतील तेवढे शंख जाळीत भरायचे आणि छाती फुटायच्या आत वर यायचे. मोत्यांच्या व्यापारावरून तंटे वाढले, जीव आणि धंदा दोन्ही धोक्यात आले, तेव्हा १५३० नंतरच्या काही वर्षांत या समाजाने पोर्तुगीजांचे संरक्षण घेऊन सामुदायिकरीत्या ख्रिस्ती धर्म स्वीकारला. एका मोठ्या समाजाने एकत्र धर्म बदलणे म्हणजे काय असते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. त्यांच्याबरोबर किळक्करई भागातले मुसलमान पाणबुडेही शंख काढीत आले आहेत. म्हणजे देवळात ज्याच्या फुंकीने आरती सुरू होते तो शंख शतकानुशतके ख्रिस्ती आणि मुसलमान कष्टकऱ्यांच्या हातांनी वर आला! विटाळाचे नियम त्याला कधी लागू झाले नाहीत. हा प्रश्न मी जाता जाता विचारून ठेवतो.

शंखांवर मक्तेदारी राजेरजवाड्यांची, मग डचांची, मग इंग्रजांची आणि पुढे मद्रास सरकारच्या मत्स्य खात्याची. पाणबुड्याला नगावर मजुरी. ठरल्या मापापेक्षा लहान शंख परत समुद्रात सोडण्याचा नियम होता, तो चांगला होता. मद्रासच्या मत्स्य खात्यातले जेम्स हॉर्नेल या अधिकाऱ्याने १९१४ साली या शंखावर एक सविस्तर ग्रंथ लिहिला. त्याची राहणी, अंडी, मासेमारी, बांगड्यांचा धंदा, सगळे त्यात आहे. आज दगडाऐवजी तोंडात नळी धरून कॉम्प्रेसरच्या हवेवर खाली उतरतात. खोल पाण्यातून घाईने वर आले की रक्तात हवेचे बुडबुडे होतात, त्यातून अंग लुळे पडते, जीवही जातो. घरात समृद्धी आणणारा म्हणून विकला जाणारा शंख तो काढणाऱ्याच्या घरात किती समृद्धी आणून गेला, हे त्या किनाऱ्यावर जाऊन पाहावे.

डावा कोणता, उजवा कोणता?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घरात साधा शंख असेल तर तो हातात घ्या. नसेल तर बागेतली गोगलगायही चालेल.

शंखाचा पीळदार शेंडा वर धरा आणि तोंड आपल्याकडे करा. तोंड आपल्या उजव्या हाताला दिसेल. प्राणिशास्त्र याला 'उजवा' शंख म्हणते. आता तोच शंख उलटा करा. शेंडा खाली, पन्हळ वर, तोंड आपल्याकडेच. तोंड डाव्या हाताला गेले! पूजा सांगणारे शंख असा धरतात, म्हणून ते याच शंखाला 'वामावर्ती' म्हणजे डावा म्हणतात. शास्त्राचा उजवा तो पोथीचा डावा आणि पोथीचा उजवा तो शास्त्राचा डावा. वस्तू एकच, धरण्याची तऱ्हा निराळी. एवढ्या एका उलट्या धरण्यावर केवढा बाजार उभा राहिला आहे!

जगातल्या बहुतेक गोगलगायी शास्त्राच्या भाषेत उजव्याच असतात. टर्बिनेला पायरमही तसाच. पण फार क्वचित त्याच्यात एखादा उलट्या पिळाचा निपजतो. त्यालाच दक्षिणावर्ती म्हणतात, तमिळमध्ये वलंपुरी. असे शंख खरोखर असतात, ती थाप नाही. थाप पुढे सुरू होते.

उलटा पीळ का पडतो? अंड्यातला जीव अगदी सुरुवातीला, चार पेशींच्या आठ पेशी होत असतानाच, वरच्या पेशी खालच्यांवर किंचित तिरक्या सरकतात. त्या कोणत्या बाजूला सरकल्या यावर पुढचा सगळा पीळ ठरतो. कवचच नव्हे, आतले हृदय, आतडी, सगळे अवयव आरशातल्या प्रतिमेसारखे उलट होतात. २०१९ साली जपानच्या अबे आणि कुरोदा या संशोधकांनी तळ्यातल्या गोगलगायीतले एकच जनुक बंद पाडले आणि उजव्या जातीला डावी पिल्ले झाली. त्या गोगलगायीत गंमत अशी आहे की पिल्लाचा पीळ त्याच्या स्वतःच्या जनुकावर नव्हे तर आईच्या जनुकावर ठरतो.

इंग्लंडमध्ये २०१६ साली अशीच एक उलट्या पिळाची बागेतली गोगलगाय लंडनच्या एका पालापाचोळ्याच्या ढिगात सापडली. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी तिचे नाव जेरेमी ठेवले आणि तिच्यासारखा जोडीदार शोधून द्या म्हणून लोकांना जाहीर आवाहन केले. स्पेनच्या मायोर्का बेटावरून आणि इंग्लंडमधूनच जोडीदार मिळाले. जेरेमी २०१७ च्या ऑक्टोबरात मेली. तिची पिल्ले सगळी नेहमीच्या पिळाची निघाली. उलटा पीळ पुढच्या पिढीतही उतरला नाही, मग तो मालकाचे नशीब कसे पालटणार? माणसांतही क्वचित कोणाचे हृदय उजवीकडे असते. डॉक्टर छाती तपासताना चकित होतात. अशा माणसाला कोणी लाल फडक्यात बांधून तिजोरीत ठेवीत नाही.

मावशींचा शंख कोठला?

त्या रविवारी मी घरी जाऊन, पूर्वी रामेश्वरच्या सहलीत घेतलेला साधा शंख घेऊन आलो. दोन्ही शंख सतरंजीवर शेजारी शेजारी ठेवले. मावशींचा शंख शेंडा खाली धरला तर तोंड उजव्या हाताला होते. म्हणजे पोथीच्या हिशेबाने तो दक्षिणावर्तीच होता. प्लास्टिकचाही नव्हता. लिंबाचे दोन थेंब टाकले तर बारीक फेस आला, म्हणजे कवच खरे. मावशींचा चेहरा उजळला.

मग मी त्यांना म्हणालो, "मावशी, आत बोट घालून बघा." माझ्या शंखात त्यांच्या बोटाला तीन कंगोरे लागले. त्यांच्या शंखात दांडा अगदी गुळगुळीत. माझा शंख ठेंगणा आणि जड, त्यांचा उंच, निमुळता आणि त्या मानाने हलका. माझा सगळा पांढरा, त्यांच्या अंगावर तपकिरी रेघा आणि वरच्या खांद्यावर बारीक गाठी. हे दोन वेगळे प्राणी होते.

त्यांचा शंख हा 'लाइटनिंग व्हेल्क' नावाच्या गोगलगायीचा. कवचावरच्या रेघा विजेच्या लोळासारख्या दिसतात म्हणून इंग्रजीत हे नाव. हीसुद्धा शिकारी. शिंपला पायाखाली दाबून धरते, आपल्या कवचाची कड पाचरीसारखी त्याच्या फटीत घालते आणि तासन्‌तास खटपट करून तो उघडते. राहते कोठे? अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्याला, फ्लोरिडात, मेक्सिकोच्या आखातात, टेक्सासपासून युकातानपर्यंत. भारताच्या समुद्रात नाही. तिची पिल्लेही आपल्या शंखासारखीच कवच पाठीवर घेऊन सरपटतच जन्माला येतात, महासागर ओलांडणे त्यांच्या आवाक्यातले नाही.

आणि मुख्य गोष्ट अशी की या जातीत उलटा पीळ हाच नेहमीचा. हजारो घ्या, बहुतेक सगळ्या तशाच. आपल्याकडे लाखात एक म्हणून जे विकतात ते तिकडे किनाऱ्यावर फिरायला येणारी पोरे वाळूतून उचलतात. १९८७ साली टेक्सास राज्याने तिला आपला अधिकृत राज्य-शंख ठरविले. तिकडच्या मूळ रहिवाशांनी, गोरे येण्याच्या कितीतरी आधी, तिच्या कवचाचे पेले आणि गळ्यातली पदके केली. त्यांनी तिला मान दिला. आपल्याकडे ती व्यापाऱ्यांच्या पेटाऱ्यातून येते आणि नाव बदलून बसते.

तेव्हा कोणी दक्षिणावर्ती म्हणून काही पुढे केले, तर आत बोट घालावे. कंगोरे नसतील तर तो आपला शंखच नव्हे, मग प्रमाणपत्रावर कितीही शिक्के असोत. लिंबाची किंवा तापल्या सुईची परीक्षा फक्त प्लास्टिक ओळखायला उपयोगी आहे, अमेरिकन शंख त्या परीक्षेत सहज पास होतो. आणि कंगोरे असले, पीळही उलटा असला, तर? तर ती अंड्यातल्या चार पेशी दुसऱ्या बाजूला सरकल्याची खूण आहे, एवढेच. ती वस्तुसंग्रहालयात ठेवण्यासारखी आहे, तिने वीजबिल भरले जात नाही.

मावशींना एक शंका राहिली होती. "पण सर, कानाला लावला की त्यातून आवाज येतो. तो म्हणाला होता, मंत्राचा नाद आहे."

मी विहाराच्या माठावरचा स्टीलचा पेला त्यांच्या कानाला लावला. त्यातूनही तसाच आवाज आला! भोवतालचे बारीकसारीक आवाज पोकळीत घुमतात, पंख्याचा, रस्त्याचा, आपल्या कपड्यांचा. पोकळी वाकडीतिकडी असली की ते अधिक घुमतात. त्या पेल्याकडे बघून हसल्या. तेवढ्या वेळात पहिल्यांदाच.

बुद्धाच्या वाङ्मयातला शंख

अष्टमंगलाचे काय? विकणारा त्यात पूर्ण खोटे बोलला नव्हता. तिबेटी परंपरेत उजव्या वळणाचा पांढरा शंख आठ मंगल चिन्हांपैकी एक आहे. पण तेथे त्याचा अर्थ आहे दूरवर ऐकू जाणारा धम्माचा घोष. चिन्ह म्हणून आपण निळा झेंडा फडकवतो, तो घरात ठेवला की पगार वाढतो असे कोणी म्हणत नाही.

पाली वाङ्मयात शंखाची एक फार सुंदर गोष्ट आहे, ती मला मावशींना सांगावीशी वाटली. दीघनिकायातल्या पायासी सुत्तात स्थविर कुमार कस्सप ती पायासी नावाच्या राजन्याला सांगतात. एक शंख वाजविणारा माणूस दूरच्या सीमेवरच्या गावात गेला. गावाच्या मध्यभागी उभे राहून त्याने तीनदा शंख फुंकला, मग तो खाली ठेवून एका बाजूला बसला. त्या लोकांनी शंख कधी पाहिला नव्हता. एवढा गोड आवाज कोणाचा, असे त्यांनी विचारले. त्याने शंखाकडे बोट दाखविले. मग लोकांनी शंख उताणा ठेवला आणि म्हणाले, बोल बाबा शंखा. तो बोलेना. पालथा केला, कुशीवर वळविला, उभा केला, हातांनी, ढेकळांनी, काठ्यांनी ठोकला, हलविला, झटकला. तरी बोलेना. शेवटी त्या माणसाने उठून शंख उचलला, तीनदा फुंकला आणि तो घेऊन वाटेला लागला. तेव्हा त्या लोकांना कळले की माणूस, त्याची धडपड आणि त्याचा श्वास असेल तरच शंखातून आवाज निघतो.

कुमार कस्सपांनी ही गोष्ट सांगितली ती शरीर आणि चेतना यांचा संबंध समजावण्यासाठी. मावशींनी ती आपल्या पद्धतीने ऐकली. थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "म्हणजे मी शंखाला काठीने ठोकत बसले होते."

विकणाऱ्याला त्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर फोन लावला. पहिल्यांदा वाजला, नंतर तो क्रमांक बंदच लागू लागला. ग्राहक तक्रारीचा अर्ज आम्ही लिहून दिला आहे. प्रमाणपत्र, पैसे भरल्याचा मोबाइलवरचा संदेश आणि दोन्ही शंखांचे शेजारी शेजारी काढलेले फोटो त्याला जोडले आहेत. कोणाच्या घरी असा माल आला असेल तर पावती, पाकीट आणि जाहिरात फेकू नये, अर्जाला तीच लागतात. मावशींच्या मुलाने दरम्यान वाहन चालविण्याचा परवाना काढायला टाकला आहे.

शंख मात्र त्यांनी परत घरी नेला नाही. विहाराच्या वाचनालयात काचेचे एक कपाट आहे, त्यात आता दोन्ही शंख शेजारी शेजारी आहेत. रविवारच्या बालवर्गातल्या एका मुलीने सुंदर अक्षरात चिठ्ठ्या लिहून खाली लावल्या आहेत. एकीवर लिहिले आहे : टर्बिनेला पायरम, मन्नारचे आखात, खातो समुद्री किडे, आत कंगोरे तीन. दुसरीवर : लाइटनिंग व्हेल्क, अमेरिका, खातो शिंपले, आत कंगोरे नाहीत. काच उघडीच असते. पोरे येता-जाता आत बोट घालून बघतात.